मे महिन्यातलं ऑइल

मे महिना अर्धा सरला की रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेट्टीवर एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून ऐकू येतो. "मिस्त्री, यंदा कुठलं ऑइल घालू?" विचारणाऱ्याला डब्यावरचं नाव हवं असतं. सरकारी कंपनीचं की परदेशी, साधं की सिंथेटिक, दुकानदार सांगतो ते की मेहुणा सांगतो ते. मी विचारतो, "घालणार कधी?" यावर नाखवा माझ्याकडे अशा नजरेने बघतो, जणू या माणसाला कालच धंद्यात आणलंय. कधी म्हणजे? नारळी पौर्णिमेला! बोट दर्यात जायच्या आधी, नारळ सोडायच्या वेळी. नवं ऑइल, नवा फिल्टर, नवा हंगाम.

माझं भांडण इथेच सुरू होतं. हंगामभर वापरलेलं ऑइल पोटात ठेवून इंजिन बंद करायचं, पावसाळाभर तसंच ठेवायचं आणि ऑगस्टमध्ये ते काढून नवं भरायचं, हा आमच्या किनाऱ्यावरचा रिवाज. माझं म्हणणं बरोबर उलटं आहे. नवं ऑइल मे महिन्यात घाला. कुठलं, हा त्यानंतरचा प्रश्न.

नाखव्याची बाजू मात्र नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती मूर्खपणाची नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारीबंदी. मे संपता संपता जाळी उतरतात, खलाशांचा हिशेब होतो. आमच्याकडे बरेच खलाशी नेपाळचे. त्यांना गाडीभाड्यासकट पैसे हातात द्यावे लागतात, नाहीतर पुढच्या हंगामात ते दुसऱ्याच्या बोटीवर दिसतात. मग क्रेनचं भाडं, ताडपत्री, बांबू, दोर. काही बोटी वर घेतात, काही राजिवडा, भाट्ये, साखरतरच्या खाडीत नेऊन बांधतात, आणि वरून सगळं शाकारायचं. शाकारणीला माणसं लागतात आणि नेमकी तेव्हाच माणसं नसतात. एवढं सगळं उरकल्यावर सहा सिलिंडरच्या इंजिनासाठी पंधरा-वीस लिटर ऑइल, म्हणजे पाच-सहा हजारांची वस्तू, बंद पडून राहणाऱ्या यंत्रात ओतायची? "बोट झोपणार दोन महिने. झोपलेल्या माणसाला कोण जेवण वाढतो?" असं एका वयस्क नाखव्यांनी मला विचारलं होतं. वाक्य इतकं चोख होतं की मी हसलो. पण इंजिनाचं झोपणं माणसासारखं नसतं.

चालू इंजिनात ऑइल सतत फिरत असतं, तापत असतं. नव्वद अंशांच्या आसपास तापलेल्या ऑइलमध्ये पाणी फार टिकत नाही, वाफ होऊन ब्रीदरवाटे निघून जातं. आता हे पाणी येतं कुठून? एक लिटर डिझेल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. पुष्कळांना हे खोटं वाटतं, पण डिझेलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी मिळाला की दुसरं होणार काय? त्यातलं जवळजवळ सगळं वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून बाहेर जातं. थोडं मात्र रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, आणि त्याच्यासोबत काजळी, न जळलेलं डिझेल, नायट्रोजन आणि गंधकाचे आम्लधर्मी वायू. चांगल्या ऑइलमध्ये हे सगळं सांभाळायची सोय केलेली असते. काजळी तरंगत ठेवणारी द्रव्यं असतात, आम्ल मारणारा क्षार असतो. हा क्षार वापरात संपत जातो. मे महिन्यात चेंबरमध्ये जे असतं ते हा साठा संपत आलेलं काळं ऑइल. ते थंड झालं की काजळी तळाला बसते, आम्ल आणि पाणी बेअरिंगला लागून राहतात, आणि बाहेर रत्नागिरीचा पाऊस, वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त, त्यातला बहुतेक पावसाळ्याच्या चार महिन्यांत.

इंजिनाची बेअरिंग दिसायला साधी पत्र्याची वाटी. पण तिच्यात पोलादाच्या पाठीवर तांबं-शिसं आणि त्यावर शिशाचाच एक अगदी पातळ थर, अशी रचना असते. वरचा थर मऊ ठेवलेला असतो, क्रँकचा दाब आणि बारीकसारीक कचरा त्याने गिळावा म्हणून. शिशाचं आणि आम्लाचं मात्र बिलकुल पटत नाही. चालताना नव्हे, उभं असताना हा थर खाल्ला जातो आणि बिल येतं ते चार महिन्यांनी, भर हंगामात, ऑइलचा दाब उतरल्यावर. तोवर मे महिना कुणाच्या लक्षात नसतो. म्हणूनच हा रिवाज टिकलाय. चूक आणि तिची शिक्षा यांत इतकं अंतर पडतं की दोघींची गाठ कुणी घालत नाही.

शब्दांनी पटत नाही तेव्हा मी टिपकागद काढतो. शाळेत शाई टिपायला मिळायचा तसला, नाहीच मिळाला तर चहाचा किंवा कॉफीचा गाळणकागद. इंजिन गरम असताना ऑइलची पट्टी काढायची, टोकाला लोंबणारा थेंब कागदावर अलगद सोडायचा आणि कागद दोन डब्यांच्या मध्ये अधांतरी ठेवायचा, खाली काही टेकता कामा नये. मग गप्पा मारायच्या. ताज्या ऑइलचा थेंब नुसता पिवळसर पसरतो. चालू हंगामातल्या ठीकठाक ऑइलचा डाग मधून काळा आणि बाहेर जाता जाता फिका होतो, म्हणजे काजळी अजून तरंगतेय. थकलेल्या ऑइलची काजळी मात्र पुढे जायचं नाव काढत नाही. मध्ये डांबरासारखा गोळा, त्याची कड चाकूने कापल्यासारखी, आणि त्याच्या बाहेर तेलकट कडं. सगळ्यात बाहेर आणखी एक फिकट रिंगण दिसलं तर ते डिझेल, कुठलातरी नोझल गळतोय. गेल्या काही वर्षांत मी ज्या बोटींवर हे केलं, तिथे नाखव्याने कागद खिशात घालून घरी नेलेला पाहिलाय. एकाने तो बायकोला दाखवला आणि पैसे तिने दिले.

डिझेलची भेसळ हा वेगळाच गमतीचा प्रकार. पट्टीवर ऑइलची पातळी महिन्यागणिक वाढत असते आणि नाखवा खुशीत सांगतो, "माझं इंजिन ऑइल पीत नाही मिस्त्री, उलटं देतं." देणारं इंजिन अजून जन्माला यायचंय. ते वाढलेलं म्हणजे डिझेल आहे, नाहीतर पाणी. पाण्याचा संशय असेल तर जुना चमचा स्टोव्हवर तापवून त्यात दोन थेंब टाकायचे. शुद्ध ऑइल नुसता धूर सोडतं. पाणी असलेलं फोडणीसारखं तडतडतं.

एक गोष्ट मान्य करायला हवी. माझ्या वस्तादांच्या काळात आम्लाचा हा मुद्दा जितका बिनतोड होता तितका आज राहिलेला नाही. नव्वदच्या दशकातल्या डिझेलमधलं गंधक टक्क्यांत मोजायचे. गंधक जळून पाण्याला मिळालं की गंधकाम्ल. तेव्हा पावसाळाभर जुनं ऑइल ठेवलेलं इंजिन उघडलं की बेअरिंगवर खड्डे असणारच, हे वस्ताद न उघडता सांगायचे. पुढे डिझेल टप्प्याटप्प्याने साफ होत गेलं. २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आलं, गंधक दशलक्ष भागांत ५० भागांवर उतरलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, आता ते १० वर आहे. म्हणजे आम्लाचा सर्वांत मोठा कारखाना बंद पडला. तरीही नायट्रोजनचे वायू आहेत, ऑइल तापून स्वतःच आंबट होतं, आणि खाऱ्या हवेचा दमटपणा तर आमच्या जन्माला पुजलेला. म्हणून मी अजूनही मे महिन्याचाच आग्रह धरतो. फक्त पूर्वीसारखं "बेअरिंग गेलीच म्हणून समज" असं घाबरवत नाही.

आता कुठलं ऑइल. उत्तर कंटाळवाणं आहे आणि ते इंजिनाच्या पुस्तकात छापलेलं असतं. पुस्तक हरवलं असेल, आणि ते हरवलेलंच असतं, तर इंजिनावरची पाटी पुसून नंबर वाचा आणि कंपनीच्या माणसाला विचारा. आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉलर आणि पर्ससीन बोटींवर ट्रकचीच इंजिनं समुद्रासाठी फिरवलेली असतात. त्यांना १५डब्ल्यू-४० जाडीचं, डब्याच्या मागे एपीआय सीएच-४ किंवा सीआय-४ लिहिलेलं डिझेल इंजिन ऑइल चालतं. ही अक्षरं डब्यावरच्या चित्रापेक्षा महत्त्वाची. "सी" म्हणजे डिझेलसाठी. पुढचं अक्षर जसं वर चढेल तशी परीक्षा नवी आणि कडक. सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं. सीआय-४ मध्ये आम्ल मारणाऱ्या क्षाराचा साठा पुरेसा असतो आणि काजळी पेलण्याची ताकदही. दर्यात रात्रभर ट्रॉल ओढणाऱ्या इंजिनाला आणि मग दोन महिने ओलीत उभ्या राहणाऱ्या इंजिनाला हीच दोन कामं लागतात. त्याहून नवी सीके-४ सारखी ऑइलं ट्रकच्या धुरांड्यातल्या गाळण्या तुंबू नयेत म्हणून राख कमी ठेवून बनवलेली. बोटीवर तसली गाळणी नाही, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजायचं मला कारण दिसत नाही. कुणी आधीच घेतलं असेल तर घालू दे, बिघडत काही नाही.

जुन्या संथ इंजिनांवाले मात्र एसएई ४० सोडत नाहीत आणि सोडूही नये, पुस्तकात तेच असेल तर. पण "पावसाळ्यात जाड ऑइल चांगलं, चिकटून राहतं" हे जे सांगितलं जातं त्यात मला दम वाटत नाही. थर चिकटून राहतो तो दोन्हींचा. फरक पडतो पहिल्या दिवशी. तीस अंशांच्या हवेत १५डब्ल्यू-४० हे साध्या ४० पेक्षा पातळ असतं, त्यामुळे पंपातून निघून वरच्या टॅपेटपर्यंत लवकर पोचतं. त्यातलं "१५डब्ल्यू" मात्र उणे वीस अंशांतली परीक्षा सांगतं. रत्नागिरीत पहाटे स्वेटर शोधावा लागला तर पेपरात बातमी येते, तेव्हा ५डब्ल्यू किंवा १०डब्ल्यूचं महागडं ऑइल "थंडीत सुरू व्हायला सोपं" म्हणून विकणाऱ्यापासून सावध राहावं.

सिंथेटिकबद्दल दोन टोकाची मतं ऐकतो. एक म्हणतो ते वर्षानुवर्षं टिकतं, दुसरा म्हणतो ते इतकं गुळगुळीत की धातूवरून निथळून जातं आणि इंजिन उघडं पडतं. दोन्ही जास्तीची. सिंथेटिक उष्णतेला चांगलं टिकतं हे खरं. पण उभ्या इंजिनात उष्णता नसतेच, ओल असते, आणि काजळी-पाण्याने मळलेलं सिंथेटिक हे मळलेलंच ऑइल. त्या पैशात दोनदा साधं चांगलं ऑइल बदलून होतं. मी दोनदा बदललेलं पसंत करतो.

मग जहाजाचं ऑइल. हा आमच्या पट्ट्यातला खास आजार, कारण प्रत्येक वाडीत एखादा तरी जहाजावर असतो. सुट्टीवर आला की तो सांगतो की आमच्याकडे इंजिनाला काय ऑइल असतं, तुमचं ते काय! आणि मुंबईहून कुठून तरी वीस-वीस लिटरचे डबे येतात. ऑइल खोटं नसतं, भारीच असतं. पण ते घट्ट इंधनावर चालणाऱ्या इंजिनासाठी. जगभरच्या जहाजांना १ जानेवारी २०२० पासून गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली. अर्धा टक्का म्हणजे दशलक्षात पाच हजार. आपल्या पंपावरच्या डिझेलच्या पाचशेपट. एवढं गंधक मारायला त्या ऑइलमध्ये क्षार आपल्यापेक्षा तिपटी-चौपटीने भरलेला असतो. आपल्या इंजिनात मारायला तेवढं आम्लच नाही, तेव्हा तो क्षार जळून पांढरी राख होतो आणि पिस्टनच्या डोक्यावर, रिंगांच्या खाचांत, व्हॉल्व्हच्या बैठकीवर बसतो. एका बोटीचं हेड उतरवलं तेव्हा व्हॉल्व्हच्या दांड्यावर चुना फासल्यासारखा थर होता. नाखव्याचा भाऊ शेजारीच उभा होता, जहाजावरचा. मी काही बोललो नाही, त्याने स्वतःच नखाने खरवडून पाहिला.

ऑइल विकत घेताना ब्रँडपेक्षा सील बघा, एवढंच मी दुकानाबद्दल म्हणेन. सुटं, पिंपातलं, "कंपनीचंच आहे पण डबा नाही" असलं काही पावसाळ्यासाठी नकोच.

घालायची रीत ऑइलइतकीच महत्त्वाची. बोट वर घ्यायच्या आधी, पाण्यातच असताना, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवायचं. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि काजळी उचलून बाहेर आणतं. थंड काढलं तर घाण तळाला राहते आणि नव्यात मिसळते. बोटीच्या इंजिनाखाली झोपायला जागा नसते, त्यामुळे चेंबरला जोडलेल्या हातपंपाने किंवा पट्टीच्या नळीत होज घालून उपसावं लागतं. फिल्टर नवा. त्यात निम्म्यापर्यंत ऑइल आधी ओतून मग आवळायचा. नवं ऑइल भरून इंजिन पुन्हा पाच-दहा मिनिटं चालवायचं, म्हणजे नव्या ऑइलचा थर बेअरिंग, कॅम, टॅपेट सगळीकडे पोचतो. हे शेवटचं चालवणं पुष्कळजण विसरतात. नवं ऑइल चेंबरमध्ये नुसतं भरून ठेवलं तर वरच्या भागांवर जुनंच राहतं, मग पैसे कशासाठी घातले? त्यानंतर खारं पाणी जिथून फिरतं तिथे गोडं पाणी सोडून धुणं, रबरी इंपेलर काढून ठेवणं, टाकी भरून ठेवणं, बॅटरी घरी नेणं, ही सगळ्यांना माहीत असलेली कामं.

गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं. काहींना इंजिनाचंच लागतं, काहींना नाही. पाटी बघा.

पावसाळ्यातल्या एका गोष्टीवर माझं आणि अख्ख्या वाडीचं पटत नाही. "आठवड्यातून एकदा पाच मिनिटं चालू करून ठेवतो मिस्त्री, इंजिन मोकळं राहतं." नका करू. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही. डिझेल मात्र जळतं, पाणी तयार होतं, थंड भिंतींवर दव धरतं आणि चेंबरमध्ये उतरतं. पावसाळाभरात अशी दहा-बारा वेळा चालवलेली इंजिनं मी ऑगस्टमध्ये उघडलीत. टॅपेट कव्हरच्या आत दुधाळ, पिवळी साय, बोटाने काढावी अशी. मे महिन्यात घातलेल्या नव्या ऑइलचं मातेरं. चालवायचंच असेल तर अर्धा-पाऊण तास, भार देऊन चालवता आलं पाहिजे, आणि शाकारलेल्या बोटीत ते जमत नाही. मी त्यापेक्षा हाताने फिरवायला सांगतो. पंधरवड्यातून एकदा, स्टॉप ओढून, जिथे डिकॉम्प्रेशनचा खटका असेल तिथे तो उचलून, पाना लावून सव्वा-दीड फेरा. पिस्टन पुन्हा त्याच जागी थांबू नये एवढाच उद्देश. काही मिस्त्री म्हणतात यानेही थर पुसला जातो. असेल. रिंग एकाच जागी चिकटण्यापेक्षा ते परवडतं असं माझं मत.

आता जी बोट दोन महिने नव्हे, वर्षभर किंवा जास्त पडून राहणार आहे, तिचं काय? अशा बोटी वाढत चालल्यात. मासळी मिळत नाही, खर्च निघत नाही, कर्जाचे हप्ते थकले, भावाभावांत वाटण्या. तिथे ऑइलचा प्रश्न खरा गंभीर होतो. लष्करी गाड्या वर्षानुवर्षं कोठारात ठेवायच्या तर इंजिनात घालायला खास संरक्षक तेलं असतात. अमेरिकेच्या सैन्याचं त्यासाठी एमआयएल-पीआरएफ-२१२६० या नावाचं मानकच आहे. त्यात गंजरोधक द्रव्यं जास्त. आपल्याकडच्या दुकानात असं तेल सहज मिळत नाही, मागवावं लागतं आणि पुन्हा काम सुरू करताना काढून नेहमीचं घालणं उत्तम. वर्षाहून जास्त थांबणार असेल आणि इंजिन मोलाचं असेल तर मी ते मागवायला सांगतो. नाहीतर ताजं सीआय-४, आणि त्याच्या जोडीला नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल, इंजिन हाताने फिरवून. हेच काम इंजिन चालू असताना हवेच्या तोंडात ऑइल फवारून करू नये. पेट्रोलच्या इंजिनाला ते करतात. डिझेल इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून पिऊन सुसाट सुटतं आणि स्टॉप ओढला तरी थांबत नाही.

अशीच दोन इंजिनं माझ्या हातात एकाच वर्षी आली. एकाच कंपनीची, जवळपास सारख्या वयाची, दोन्ही दोन पावसाळे पडून. पहिलं जसं होतं तसं टाकलेलं, जुन्या ऑइलसकट. हेड उतरवलं तर तिसऱ्या सिलिंडरच्या लायनरमध्ये, पिस्टन जिथे थांबला होता नेमक्या त्या उंचीवर, गंजाची बांगडी. हाताला कड लागत होती. रिंगा खाचेत चिकटलेल्या. खालची बेअरिंगं काढली तर राखाडी, सपाट असायला हवं तिथे काळे ठिपके आणि मधूनमधून तांब्याचा रंग उघडा पडलेला. दुसऱ्याच्या मालकाने बंद करताना ऑइल बदललं होतं, सिलिंडरमध्येही ओतलं होतं. त्याच्या लायनरवरही रेषा होती, पण पुसट, बारीक कागद फिरवल्यावर गेली. बेअरिंगं तीच परत बसवली. मी यावरून नियम काढत नाही. पहिल्या बोटीची ताडपत्री फाटली होती, दुसरी शेडमध्ये होती. शिवाय पहिल्याच्या तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिलेला, आणि उभ्या धुरांड्यावर झाकण नव्हतं. पाऊस सरळ आत उतरला होता. तिथे जगातलं कुठलंही ऑइल पुरं पडलं नसतं.

म्हणून धुरांडं आणि हवेचं तोंड बंद करणं मी ऑइलच्याच कामात धरतो. प्लास्टिकची जाड पिशवी, वर रबराची पट्टी, उभ्या धुरांड्यावर पत्र्याचा डबा उपडा. आणि इंजिनाची किल्ली त्याच पट्टीला बांधून ठेवायची, म्हणजे पिशवी काढल्याशिवाय किल्ली हाती लागत नाही. चेंबरला बाहेरूनही बघावं. बोटीच्या तळाला साचलेलं पाणी पत्र्याच्या चेंबरला टेकलं तर तो बाहेरून कुजतो, सुईएवढी भोकं पडतात आणि सगळं नवं ऑइल शांतपणे त्या पाण्यात जातं. तळातलं पाणी उपसत राहणं हे राखणदाराचं काम, आणि तो ते करतो की नाही हे बघणं नाखव्याचं.

फायबरच्या लहान होड्यांवरची आउटबोर्ड इंजिनं हा निराळा विषय, थोडक्यात सांगतो. टू-स्ट्रोकला टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं, फोर-स्ट्रोकला एफसी-डब्ल्यू लिहिलेलं ऑइल घ्यावं. समुद्राच्या ओलीचा विचार करून त्यांच्या परीक्षा घेतलेल्या असतात. स्कूटरचं ऑइल पुरतं असं म्हणणाऱ्यांचं मी ऐकून घेतो. या इंजिनांचा खरा शत्रू मात्र टाकीतलं पेट्रोल. त्यात इथेनॉल असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पावसाळाभरात तळाला पाण्याचा थर देतं. ते काढून कार्ब्युरेटर कोरडा केल्याशिवाय ऑइलच्या गोष्टी करू नयेत.

ऑगस्टमध्ये परत आल्यावर पहिल्या दिवशी घाई करायची नाही. पट्टी काढून रंग बघायचा. स्वच्छ, मधासारखा किंवा किंचित काळसर असला तर ठीक. दुधाळ असला तर ते ऑइल गेलं, आणि आधी पाणी कुठून आलं ते शोधायचं. मग स्टॉप ओढून धरायचा आणि स्टार्टर दहा-दहा सेकंद, मध्ये दम देत, ऑइलच्या दाबाचा काटा हलेपर्यंत मारायचा. काटा हलला की मगच स्टॉप सोडायचा. वाडीत हे एव्हाना बऱ्याच जणांनी उचललंय, कारण यात पैसे लागत नाहीत.

आणि खर्चाचं म्हणाल तर ज्या नाखव्याने मे महिन्यात ऑइल घातलं त्याला ऑगस्टमध्ये पुन्हा घालावं लागत नाही. दोन-अडीच महिने उभं राहिलेलं स्वच्छ ऑइल तसंच चालतं, त्याचे तास इंजिन दर्यात गेल्यावर मोजायला लागायचे. वर्षभर राहिलेलं मात्र काढायचंच. म्हणजे ऑइल तेवढंच, पैसे तेवढेच, फक्त खिशातून जायची तारीख वेगळी, आणि अडचण नेमकी त्या तारखेची आहे हे मला ठाऊक आहे. काही नाखव्यांसाठी मी आता दुकानदाराशी बोलून ठेवतो, माल मे महिन्यात उचलायचा, पैसे पहिल्या फेरीनंतर. सगळे दुकानदार ऐकत नाहीत. जे ऐकतात त्यांच्या गिऱ्हाइकांच्या इंजिनाच्या कव्हरवर मी मार्करने तारीख, ऑइलची अक्षरं आणि लिटर लिहून ठेवतो, नाहीतर नारळी पौर्णिमेला नवा तांडेल येतो आणि हौसेने तेच ऑइल काढून टाकतो.